एका वेळी एकच यंत्र

वीजकंपनीची बाई जेवायच्या वेळेला येणार असं कळल्यापासून वहिनीने घर डोक्यावर घेतलं होतं. खुर्च्या बनवणाऱ्यांच्या घरात पाहुण्याला बसायला एक धड खुर्ची असू नये, हे तिला लग्न होऊन आल्या दिवसापासून खुपत होतं. कारखान्यात जी खुर्ची तिच्या सासऱ्यांच्या, अप्पांच्या तपासणीत नापास होई, ती मागचं अंगण ओलांडून घरात येई. एक डुगडुगायची, एकीची पाठ टोचायची, एकीत बसलं की माणूस नकळत डावीकडे कलायचा. घरची माणसं सरावली होती. पाहुणे मात्र कंबर धरून उठत.

"आज तरी विकायच्या मालातली एक आण गं," तिने धाकट्या नणंदेला सांगितलं.

"ती गिऱ्हाइकाची आहे, वहिनी. आपण बसलो की ती जुनी झाली," धाकटी म्हणाली.

"मग त्या मॅडमला उभंच ठेवते. चालेल?"

धाकटी हसली नाही. एरवी अशा टोमण्याला ती दोन टोमणे परत करायची. आज ती खिडकीतून अंगणातल्या फळ्यांच्या थप्प्यांकडे बघत उभी होती. केसांत भुसा होता आणि चाळिशी उलटून गेलेल्या त्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशीची कळा होती. वहिनीने मग जास्त ताणलं नाही.

त्या थप्प्यांतच सगळं अडलं होतं. ओल्या लाकडाची खुर्ची पुढे वाकते, म्हणून लाकूड उन्हावाऱ्यात सावकाश वाळवायचं, आणि मोठं काम आलं की "आमच्याकडे तेवढं वाळलेलं लाकूड नाही" म्हणून हात जोडायचे. शाळांच्या खुर्च्यांचं एवढं थोरलं काम याच पायी हातचं गेलं होतं. विजेवर चालणारी वाळवणीची खोली बांधली तर प्रश्न मिटत होता. पण तिला लागणारी वीज त्यांच्या जुन्या जोडणीतून मिळणं शक्य नव्हतं. तेवढ्यात वीजकंपनीने योजना जाहीर केली. ही कंपनी कुणा शेठची नव्हती, सगळ्या गावाची होती. जो आपला कारखाना इथेच वाढवेल, त्याला नवी लाइन आणि ट्रान्सफॉर्मर कंपनीच्या खर्चाने, आणि पहिली काही वर्षं वीज कमी दराने. बदल्यात दहा वर्षं गाव सोडायचं नाही आणि नवी माणसं गावातलीच घ्यायची. धाकटीने अर्ज केला.

दुसऱ्या बाजूला गोदामवाला होता. त्याला ही जागा हवी होती, फळ्या, यंत्रं आणि माणसं सोडून नुसती जागा. वहिनीचा नवरा, दादा, त्याच्याशी दोन महिने बोलत होता. शेवटी भावाबहिणीत ठरलं की योजना मिळाली तर थांबायचं, नाही मिळाली तर विकायचं. धाकटीने पटकन "कबूल" म्हणून टाकलं, कारण योजना मिळणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. गोदामवाल्याचा फोन आज संध्याकाळी यायचा होता.

वीजबाई आली ती स्कूटरवरून, खांद्याला भलीमोठी पिशवी अडकवून. हेल्मेटने चापून बसलेले केस तिने दारातच हाताने उकलले. तिला नेमकी डावीकडे कलणारी खुर्ची मिळाली. ती थोडी कलली, मग पाय पसरून तिने तोल धरला आणि काही न बोलता ताट पुढे ओढलं. वहिनीला ती तिथेच आवडली.

"आधी जेवू या की आधी सांगू?" तिने विचारलं.

"सांगा," धाकटी म्हणाली.

"जेवा," अप्पा म्हणाले. अप्पा ऐंशीच्या पुढचे. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी रंधा खाली ठेवला होता, तरी तयार खुर्चीवरून तळहात फिरवून तिला पास-नापास करण्याचं काम अजून त्यांचंच होतं. "वाईट बातमी असली तरी भरल्या पोटी बरी."

वीजबाईने घास खाली ठेवला. "वाईटच आहे, अप्पा. आमच्या लाइनमनने आठवडाभर तुमच्या जोडणीवर मोजणीयंत्र लावलं होतं. कारखाना एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढतो ते बघायला. ही योजना चालत्या कारखान्यांसाठी आहे. तुमचा आकडा एखाद्या खात्यापित्या घराइतका आला. यात कारखाना कुठे आहे, असं मला वरचे विचारतील, आणि माझ्याकडे उत्तर नाही."

"पण कारखाना चालू होता!" धाकटीचा आवाज चिरकला. "रोज! आरा, रंधायंत्र, लेथ, सगळं!"

"मी यंत्राचं सांगतेय. तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत."

दादाने ताटात बघत भात कालवला. तो कालवून झालेला होता, तरी तो कालवतच राहिला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याची लाजही वाटली. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालेलं असताना आपण सुटकेचा श्वास टाकतो, हे काही बरं लक्षण नव्हे. पण तो थकला होता. मिसरूड फुटायच्या आत त्याला गल्ल्यावर बसवलं होतं, आणि साठी जवळ आली तरी तो तिथून उठला नव्हता. त्याला वाटे, आता कुणीतरी कुलूप लावावं आणि सगळ्यांना घरी पाठवावं.

"ठरल्याप्रमाणे मग," तो शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला. "संध्याकाळी मी त्याला हो म्हणतो."

कबूल तिनेच म्हटलं होतं.

तेवढ्यात अंगणापलीकडच्या कारखान्यातून मिस्त्रीची आरोळी आली. त्याचं जेवण लवकर व्हायचं.

"आरा लावतोऽऽय!"

आणि जेवणारं घर उठलं. अप्पांनी बसल्याजागी हात वर करून पंख्याचं बटण बंद केलं. वहिनी उठली, तिने फ्रीज बंद केला, पाण्याचा पंप बंद केला आणि परत येता येता स्वयंपाकघरातला दिवा घालवला. धाकटीने इस्त्रीची पिन उपसली. दादाने, ज्याने नुकताच कारखाना विकायचं नक्की केलं होतं त्याने, डाव्या हाताने भिंतीवरची तीन बटणं एका दमात बंद केली. कुणाचा घास अडला नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग चौघं एका सुरात ओरडले, "लाऽऽव!"

पलीकडे आरा घरघरला. सगळे पुन्हा जेवायला लागले.

वीजबाईचा हात ताटात तसाच राहिला होता. "हे काय झालं?"

"कुठे काय?" वहिनी म्हणाली. "भाजी वाढू?"

"तुम्ही सगळं बंद केलंत."

"आरा लागतोय ना," दादा म्हणाला, जणू पाऊस आला की खिडकी लावतात त्यात विचारण्यासारखं काय.

"आणि आरा चालू असताना रंधायंत्र?"

"छे! आरा थांबल्यावर. मग लेथ. भुसा ओढणारा पंखा सगळ्यात शेवटी," धाकटी म्हणाली. "एका वेळी एकच यंत्र. आमच्याकडे असंच आहे."

"मोजणीच्या आठवड्यातही असंच?"

"उलट जास्तच सांभाळलं," धाकटी जरा अभिमानाने म्हणाली. "तुमचं यंत्र लागलेलं होतं. म्हटलं, परक्या माणसासमोर उधळपट्टी दिसायला नको. भुशाचा पंखा तर मी आठवडाभर लावलाच नाही. हाताने झाडलं."

वीजबाईने दोन्ही हातांत डोकं धरलं. ती रडतेय की काय असं वहिनीला वाटलं. पण ती हसत होती, आणि तिला ते आवरता येत नव्हतं.

"अहो, जास्त वीज लागते म्हणून अर्ज करणारी माणसं मोजणीच्या आठवड्यात काय काय करतात सांगू? घरातले दिवे दिवसाढवळ्या लावून ठेवतात. एकाने तर रिकामी भट्टी पेटवून ठेवली होती. आणि तुम्ही... केरसुणी घेतलीत!"

धाकटीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आपला कारखाना आपणच झाडून नाहीसा केला हे तिला आत्ता कळत होतं.

"पण का?" वीजबाई शांत झाली होती. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं.

अप्पा पाणी प्यायले. "माझ्या वडिलांनी. त्यांनी पहिला आरा आणला तेव्हा या गल्लीला सुतळीएवढी तार होती. आरा लागला की समोरच्या शिंप्याचा दिवा मिणमिणायचा. तो रेशमावर बारीक टाका घालायचा. एकदा दिवा अगदीच मंद झाला आणि सुई त्याच्या बोटात शिरली. भांडायला आला असता तर परवडलं असतं. तो नुसता बोट दाखवायला आला. माझे वडील त्याच्या दुकानात गेले आणि शब्द देऊन आले, की आमच्या आऱ्यापायी तुमचा दिवा पुन्हा मंद होणार नाही. तेव्हापासून आरा लावायच्या आधी आम्ही आमचं सगळं बंद करतो."

"आणि दिवा पुन्हा मंद झाला नाही?"

"एकदाही नाही."

हे म्हातारपण मोठं गोड असतं, आणि मोठं हट्टीही. अप्पांनी मान जरा वर केली होती. वीजबाई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या बघण्यात चेष्टेचा मागमूस नव्हता. आपल्या नोकरीत तिने चोरून तार टाकणारी माणसं पाहिली होती, मीटर उलटं फिरवणारी पाहिली होती. शेजाऱ्याचा दिवा नीट राहावा म्हणून तीन पिढ्या स्वतःचा पंखा बंद करून जेवणारं घर तिने प्रथमच पाहिलं होतं.

"अप्पा," ती हळू म्हणाली, "ती सुतळीएवढी तार कधीच गेली. मी नोकरीला लागायच्याही आधी. आता इथून अंगठ्याएवढी केबल जाते. तुमचा आरा, रंधायंत्र, लेथ, सगळं एका वेळी लावलं तरी शिंप्याच्या दिव्याला पत्ता लागणार नाही."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"जे तक्रार करतात त्यांच्याकडे आम्ही धावतो. तुम्ही कधी तक्रारच केली नाहीत. चूक आमचीही आहे. इतक्या वर्षांत कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं." मग तिने ताट बाजूला सारलं. "मोजणी नेहमीच्या कामाची करायची असा नियम आहे. झाली ती नेहमीच्या कामाची नव्हतीच. मी यंत्र पुन्हा लावू शकते. पण आधी मला बघू दे. सगळं एकदम लावा."

कुणी हललं नाही. धाकटीसुद्धा. ती जन्मात कुणाला घाबरली नव्हती, पण दोन यंत्रं एकदम लावायची म्हटल्यावर ती अप्पांकडे बघू लागली. हे बटण फक्त अप्पांच्या हुकमाने खाली जाणार होतं.

"चला," अप्पा म्हणाले आणि काठी शोधू लागले.

कारखान्यात मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्याने अप्पांच्या कपाळाला हात लावून बघायचंच काय ते बाकी ठेवलं. "सगळी? एकदम?" "एकदम," अप्पा म्हणाले. पण ते स्वतः आत थांबले नाहीत. काठी टेकत ते थेट रस्त्याच्या फाटकाशी गेले आणि समोरच्या दुकानाकडे बघत उभे राहिले. तिथे आता त्या शिंप्याचा नातू बसायचा. त्याच्या यंत्रावरचा दिवा दिवसभर चालू असे.

मागे आरा लागला. मग रंधायंत्र, मग लेथ, मग भुशाचा पंखा, आणि घरात वहिनीने जे जे म्हणून होतं ते सगळं लावलं. अप्पांच्या पायाखालची जमीन थरथरत होती. त्यांनी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. समोरचा दिवा होता तसाच होता. त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं, कारण इतक्या सहजासहजी त्यांचा विश्वास बसत नव्हता.

शिंपी गळ्यात टेप घेऊन बाहेर आला. "अप्पा, काय लग्नबिग्न काढलंय का? केवढा आवाज!"

"दिवा हलला का रे?"

"कुठला दिवा?" शिंप्याने विचारलं.

अप्पा हसायला लागले. हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले, आणि शिंपी घाबरून त्यांचा हात धरायला धावला.

ते परत आले तेव्हा आत दादा वीजबाईला उलटतपासणीच्या सुरात विचारत होता. यंत्रं चालूच होती, त्यामुळे सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं. "एक सांगा, मॅडम. लाइन तुमची, ट्रान्सफॉर्मर तुमचा, वरून दरही कमी. यात कंपनीला काय मिळतं? फुकट कुणी काही देत नाही."

"फुकट नाहीच!" तीही ओरडूनच म्हणाली. "गावातले खांब, तारा, माणसं यांचा खर्च ठरलेला आहे. तो सगळ्यांच्या बिलांतून निघतो. तुम्ही कारखाना विकलात की गोदामात चार दिवे जळणार. खांब तेवढेच राहणार, आणि तुमच्या वाट्याचा खर्च उरलेल्या घरांवर पडणार. शिंप्यावरही! तुम्ही वाढलात, विशेषतः दुपारी, जेव्हा आमच्याकडे वीज वापराविना पडून असते, तर तोच खर्च जास्त जणांत वाटला जातो. सगळ्यांचं बिल हलकं होतं."

दादा हिशेबी माणूस. त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. असं साधं, स्वच्छ गणित कुणीतरी बसून गावासाठी केलं आहे याचं त्याला कौतुक वाटलं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

अप्पांनी मात्र ते पुन्हा सांगायला लावलं. "म्हणजे आम्ही जास्त वापरली तर शेजाऱ्याचं बरं होतं?"

"हो, अप्पा."

अप्पा लाकडाच्या ओंडक्यावर बसले. जन्मभर त्यांना वाटत आलं होतं, की आपण वीज घेतो ती कुणाच्या तरी ताटातून घेतो.

"यंत्रं थांबव," धाकटीने मिस्त्रीला खूण केली. शांतता पडली तशी ती भावाकडे वळली. "दादा, पुन्हा मोजणी होईल. या वेळी मी केरसुणीला हात लावणार नाही. संध्याकाळी त्याला थांब म्हणून सांग."

दादा म्हणाला, "योजना मिळाली तरी मला विकायचंच होतं."

"आपलं ठरलं होतं!"

"ठरलं होतं, कारण मिळणार नाही असं मला वाटत होतं." त्याने बहिणीची नजर चुकवली. "दहा वर्षं, धाकटे. दहा वर्षं बांधून घ्यायची. मी तोवर असेन की नाही? आणि तुझं काय? लग्नाचं वय इथे गेलं. शिकायचं वय इथे गेलं. अप्पांचे हात थरथरायला लागले तेव्हा माझं लाकडाशी जमत नव्हतं म्हणून तू आरा हातात घेतलास. माझ्यामुळे! ते रोज बघतो मी गल्ल्यावरून. मला तुला यातून सोडवायचंय. जागा विकली की तुझा वाटा घे आणि कुठेतरी सुखाने राहा."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. वीजबाईने शहाणपणाने पिशवी उघडून तिच्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

वहिनी आतापर्यंत नवऱ्याच्या बाजूने होती. या घरातून बाहेर पडायचं, सरळ खुर्च्यांच्या घरात राहायचं, हे तिचंही स्वप्न होतं. पण आता ती कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"तिला विचारलंत कधी?"

"काय?"

"तिला सुटायचंय का ते. अहो, धन्य आहे तुमच्या घराण्याची! वीजवाल्यांना विचारलं नाहीत, जन्मभर अंधारात जेवलात. शिंप्याला विचारलं नाहीत. आणि सख्ख्या बहिणीला न विचारता तिच्यासाठी कारखाना विकायला निघालात. मलाही कधी विचारलं नाहीत म्हणा, पण माझं मरू दे. तिला विचारा. आत्ता. माझ्यासमोर."

अप्पांनी ओंडक्यावरून मान हलवली. "सूनबाई बरोबर बोलतेय."

दादाने घसा साफ केला. हे वाक्य त्याला खरोखरच नवं होतं, आणि ते कुठून धरायचं ते त्याला कळत नव्हतं. "धाकटे," तो म्हणाला, "तुला काय पाहिजे?"

धाकटीने आऱ्याच्या पात्याजवळचा भुसा बोटाने सारला.

"मला वाळवणीची खोली पाहिजे," ती म्हणाली. "मला शाळांच्या खुर्च्या करायच्यात. चार नवी माणसं पाहिजेत, त्यातल्या दोन बायका. मी आरा हातात घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी मला वाटलं होतं, हे माझं काम आहे. तुझं जमत नव्हतं म्हणून मला मिळालं. मी तर तेव्हा देवाचे आभार मानले, दादा. तू इतकी वर्षं त्याचं ओझं घेऊन बसलायस हे मला काय माहीत?" तिचा आवाज ओला झाला होता आणि तिने तो लपवला नाही. "तुला थकायला झालंय तर तू सुट. गल्ल्यावरून ऊठ, उशिरापर्यंत झोप. तुला कोण अडवतंय? पण मला सोडवू नकोस."

वहिनीने पदराने डोळे टिपले आणि चहा टाकते म्हणून आत गेली, कारण या घरात रडायला तीच एक जागा होती.

गोदामवाल्याचा फोन वेळेवर आला. वीजबाई निघायची होती. मोजणीयंत्र कधी लावायचं ते फाटकाशी उभं राहून ती अप्पांना समजावत होती, आणि अप्पा शिष्यासारखे ऐकत होते. धाकटी चहाचे कप गोळा करून घरात जायला निघाली होती. दादाने फोन कानाला लावला.

"नाही," तो म्हणाला. "नाही, भावाचा प्रश्न नाही. तुमचा भाव चांगला होता. जागा विकायची नाही."

पलीकडचा बराच वेळ बोलत होता.

"मी हो म्हणणार होतो, खरं आहे. पण मी बहिणीला विचारलं नव्हतं. आज विचारलं. ती नाही म्हणते." त्याने थोडं ऐकलं. मग त्याच्या कपाळावर आठी आली आणि तो एरवी कधी बोलत नसे इतक्या मोठ्याने बोलला. "तिचा काय संबंध म्हणजे? अहो, कारखाना ती चालवते. पहिल्यापासून तीच चालवतेय. मी नुसता गल्ल्यावर बसतो."

धाकटी अंगणाच्या मधोमध थांबली. तिच्या हातातले कप एकमेकांवर किणकिणत होते, आणि ते खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.